डाव, दम आणि आकडा

कुस्तीच्या हौद्यात सलामी झाल्यावर मल्ल लगेच भिडत नाहीत. आधी खडाखडी होते. मानेवर हात, मनगटाला मनगट, अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, अजून काही सुरूच झालेलं नाही. प्रत्यक्षात दोघंही समोरच्याचा तोल, दम आणि उतावीळपणा जोखत असतात. पट काढायला सेकंदभर पुरतो. तो सेकंद कोणता, हे कळायला मात्र वर्षानुवर्षांची तालीम लागते. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाची अंतिम लढत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीविरुद्ध १५-७ अशी जिंकली. पुढच्याच वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात त्याला कांस्यपदक मिळालं. फलकावरचे गुण पंचांनी मोजले. पण पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि पुढे काका पवार यांच्या हाताखाली जे कसब त्याच्या अंगात मुरलं, त्याला आकडा नाही. आवारेचा पट सातव्या पायरीचा आहे आणि येत्या महिन्यात तो आठवीवर जाईल, असं कुठलाही वस्ताद म्हणणार नाही.

असं म्हणणारं एक जग मात्र आज पाटोद्यातल्या, गेवराईतल्या, परळीतल्या मुलांच्या खिशात आहे. तिथे प्रत्येक डावाला नाव असतं, पायरी असते, तो पुन्हा वापरायला किती सेकंद थांबायचं ते ठरलेलं असतं आणि त्याने समोरच्याचं किती नुकसान झालं ते त्याच क्षणी आकड्यात पडद्यावर उमटतं. या खेळप्रकाराला ‘अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपल्या नियतकालिकांतून तमाशाची, चित्रपटाची, अलीकडे वेबमालिकांचीही चिकित्सा होते. व्हिडिओ गेम मात्र ‘पोरांचा नाद’ या दोन शब्दांत निकालात निघतो. त्या नादाच्या आत काय यंत्रणा चालते, लढाईतलं कौशल्य तिथे नेमकं कशाचं बनलेलं असतं, हे एकदा उलगडून पाहायला हवं. कारण मुलं ज्याला कौशल्य म्हणतात त्यातला काही भाग त्यांचा स्वतःचा असतो आणि काही भाग त्यांना विकला जातो. दोन्हींतली रेघ बाहेरून दिसत नाही.

या खेळाचं कूळ दुहेरी आहे. एक आजोळ अमेरिकेतलं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्याआधी युद्धाचे खेळ होते, त्यांत सैन्याच्या तुकड्या असत. इथे प्रत्येक खेळाडूला एकच पात्र मिळालं: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. पात्राची ताकद, चपळाई, शहाणपण कागदावर आकड्यांत मांडलेलं. तलवार लागली की नाही, हे फासा टाकून आणि त्यात पात्राचा आकडा मिळवून ठरायचं. खेळणाऱ्याने आयुष्यात भाजी चिरायची सुरीसुद्धा धरलेली नसली तरी चालत होतं. तलवारीचं कसब त्याच्या पात्राच्या खात्यावर जमा होतं. आपला सारीपाट आठवावा, फक्त इथली सोंगटी अनुभवाने मोठी होते. एकेक राक्षस मारला की अनुभवाचे गुण मिळतात, ते साठले की पात्र वरच्या पायरीवर जातं.

दुसरं घराणं नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचं. तिथे पात्राला पायरीबियरी काही नव्हती. होते ते खेळणाऱ्याचे डोळे आणि बोटं. हात तयार असेल तर एका नाण्यात तासभर, नसेल तर मिनिटात खेळ खलास.

ही दोन घराणी जपानमध्ये १९८४ च्या सुमारास ‘टॉवर ऑफ द्रुआगा’, ‘ड्रॅगन स्लेयर’ अशा खेळांत एकत्र आली. पण त्यांच्या मीलनाची सगळ्यांत बोलकी हकिकत ‘डायब्लो’ची आहे. १९९६ च्या अखेरीस बाजारात आलेला हा खेळ मुळात पाळीपाळीने खेळायचा ठरला होता: आधी तुमची चाल, मग राक्षसाची. कर्ता डेव्हिड ब्रेव्हिक या बदलाच्या विरोधात होता. सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर त्याने एका दुपारी काळाची ती वाटणी काढून टाकून पाहिली. एका सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि त्याने सांगाडा फोडला. प्रश्न तिथेच मिटला. आकडे सगळे जागच्या जागी राहिले, फक्त त्यांच्या खाली वाहतं घड्याळ आलं.

तेव्हापासून या प्रकारात कौशल्याच्या दोन वह्या चालतात. एक पात्राची, आकड्यांची. दुसरी खेळणाऱ्याच्या हाताची. खेळ रचणारा या दोन वह्यांमध्ये सतत घासाघीस करत असतो.

आधी हाताची वही उघडू. पडद्यावरचं चित्र हलतं असं वाटतं ते सेकंदाला तीस किंवा साठ चित्रं बदलत असल्यामुळे. एका चित्राला फ्रेम म्हणतात. साठाच्या हिशेबाने एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. तलवारीचा एक वार या फ्रेमांत तीन तुकड्यांनी बनतो: हात मागे जातो ती तयारी, पातं पुढून जातं तो वार आणि हात परत जागेवर येतो ते सावरणं. समजण्यासाठी आपणच आकडे धरू: तयारीला वीस फ्रेम, वाराला चार, सावरायला सव्वीस. म्हणजे पन्नास फ्रेमांच्या या सगळ्या आटापिट्यात समोरच्याला इजा होऊ शकते ती फक्त चार फ्रेम. उरलेल्या शेचाळीस फ्रेम तुम्ही त्या वाराला बांधलेले असता. बटण एकदा दाबलं की ‘थांब, चुकलं’ म्हणायची सोय बहुधा नसते.

हे बंधन कृत्रिम वाटेल, पण दांडपट्टा पाहिलेल्याला ते ओळखीचं वाटावं. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत असते, खोबणी कोपराच्या दिशेने हात झाकते, त्यामुळे मनगट वळतच नाही. वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगातून काढावा लागतो. लांब, लवचीक पातं एकदा फिरलं की त्याला मध्येच अडवता येत नाही. फिरणाऱ्याने त्याच्याबरोबर फिरायचं आणि पुढच्या वारात ती गती वळवून घ्यायची. मर्दानी खेळातला पट्टेकरी एका जागी उभा राहून फार वेळ फिरत नाही, याचं कारण तेच: सावरायला जागा लागते. चांगल्या गेममध्ये जड गदा आणि हलकी कट्यार यांतला फरक असाच काळाचा असतो. गदेची तयारी लांब, सावरणं त्याहून लांब. वजन पडद्यावर दाखवता येत नाही, म्हणून ते वेळेत मोजून दिलं जातं. वार लागला त्या क्षणी काही गेम दोन-चार फ्रेम चित्र गोठवून ठेवतात. डोळ्याला ते कळत नाही, पण हाताला वाटतं की पातं कशात तरी रुतलं.

आता वार चुकवण्याचं पाहू, कारण ‘डार्क सोल्स’सारख्या खेळांत खरी परीक्षा तिथे असते. २०११ साली आलेल्या या गेममध्ये बटण दाबलं की योद्धा कोलांटी मारतो. त्या कोलांटीच्या सुरुवातीच्या, अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळात त्याला काहीच लागत नाही. तलवार देहातून आरपार गेलेली दिसते, पण गणकाने तेवढ्यापुरतं त्याचं अस्तित्व मिटवलेलं असतं. म्हणजे वारापासून लांब पळणं हा खरा बचाव नसून नेमक्या क्षणी त्या वारातच शिरणं हा बचाव आहे. नवखा खेळाडू मागे कोलांटी घेतो आणि मार खातो. मुरलेला पुढे घेतो.

इथेच दुसरी वही मध्ये येते. अंगावरचं चिलखत आणि शस्त्रं यांचं वजन पेलण्याच्या क्षमतेच्या पाव हिश्श्याच्या आत असेल तर कोलांटी चपळ. निम्म्यापर्यंत असेल तर मध्यम. त्यापुढे गेलं की योद्धा धप्पकन पडतो आणि कष्टाने उठतो. ज्याच्या हातावर विश्वास आहे त्याने उघड्या अंगाने लढावं. ज्याच्या नाही त्याने लोखंड चढवावं. आणि प्रत्येक वाराला, प्रत्येक कोलांटीला दम लागतो. हिरव्या पट्टीने दाखवलेला हा दम संपला की ढालही धरवत नाही. तालमीत दमसास शब्द फार वापरतात. शेवटचा एक वार हाव म्हणून टाकला आणि कोलांटीपुरता दम उरला नाही, असा शेवट या खेळांत रोज हजारोंचा होतो.

माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला साधारण सेकंदाचा पाव ते पाचवा हिस्सा लागतो. हा देहाचा कर आहे, तो सरावाने फारसा कमी होत नाही. म्हणून राक्षसाच्या वाराची तयारी त्यापेक्षा लांब ठेवावी लागते. नाहीतर चुकवणं हा नुसता जुगार होईल. सराव होतो तो ओळखण्याचा: खांदा असा खाली गेला म्हणजे पुढे काय येणार. रचणारे हेही जाणून असतात. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये मार्गिट नावाचा सुरुवातीचाच एक दांडगा प्रतिस्पर्धी काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. घाबरलेला खेळाडू आधीच कोलांटी मारतो, ती संपते आणि मग काठी खाली येते. याला आपल्याकडे हूल म्हणतात. हूल ही फक्त माणसाच्या उतावीळपणावर चालते. यंत्राने माणसाची घाई मोजून ठेवलेली पाहून मला तर थोडं कौतुकच वाटलं.

कुस्तीच्या सगळ्यांत जवळ जाणारा खेळ मात्र ‘सेकिरो’. २०१९ चा. त्यात प्रतिस्पर्ध्याच्या जिवापेक्षा त्याच्या तोलाची पट्टी महत्त्वाची. वार येतो त्याच क्षणी आपली तलवार आडवी घातली तर त्याचा तोल ढळत जातो. आपण हल्ला थांबवून लांब उभे राहिलो तर तो पुन्हा सावरतो. त्याचा जीव कमी झालेला असेल तर सावकाश सावरतो. तोल पुरता गेला की एका डावात चीत. या गेममध्ये पात्राच्या ताकदीचे आकडे वाढवण्याला फार थोडी जागा ठेवली आहे. म्हणून काटेकोर वर्गीकरण करणारे त्याला रोल-प्लेइंग म्हणायला कचरतात. पहिली वही जवळजवळ मिटली की खेळाचं नावसुद्धा बदलतं.

ही आकड्यांची वही बीडच्या मुलांना जास्त परिचयाची आहे. प्लेस्टेशन किंवा भारी संगणक घरोघरी नसतो; फोन असतो. त्यामुळे २०२० साली आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा फुकट मिळणारा चिनी गेम त्यांच्यापर्यंत पोचतो. चार पात्रांचा संघ, प्रत्येकाचं एक तत्त्व: अग्नी, जल, हिम, विद्युत वगैरे. प्रत्येकाकडे एक ठरावीक कौशल्य; ते वापरलं की काही सेकंद कुलूप. दुसरं मोठं कौशल्य ऊर्जा साठल्याखेरीज चालत नाही. एका पात्राने शत्रूला पाण्याने भिजवायचं, लगेच दुसऱ्याने आग लावायची. अशा तत्त्वांच्या टकरीत नुकसानीचा आकडा दीडपट होतो किंवा दुप्पट. आधी कोणतं तत्त्व लावलं यावर ते ठरतं.

या ‘पट’ शब्दात सगळी गोम आहे. वार शंभराचा. पन्नास टक्के वाढ आणि वर शंभर टक्के वाढ, अशा दोन्ही नुसत्या मिळवल्या तर अडीचशे. पण एक दीडपट आणि तिच्यावर दुप्पट असा गुणाकार झाला तर तीनशे. असे चार-पाच गुणक एकावर एक चढले की आकडा कुठल्या कुठे जातो. सरळव्याज आणि चक्रवाढ यांतला फरक बीडसारख्या जिल्ह्यात कुणाला शिकवावा लागत नाही. अंबाजोगाईच्या माझ्या भाच्याने कोणत्या वाढी आपसात मिळवल्या जातात आणि कोणत्या गुणल्या जातात याचा तक्ता वहीच्या मागच्या पानावर आखला आहे, आणि पुढच्या पानांवर जे गणित आहे त्यापेक्षा तो अधिक नेटका आहे.

कुलुपाबद्दल थोडं. एकदा वापरलेला डाव बारा-पंधरा सेकंद का मिळू नये? हौद्यात असं कुलूप नसतं. पण एकदा काढलेला पट दुसऱ्यांदा तितक्या सहज निघत नाही, कारण समोरचा शिकतो; त्याच्याकडे तोड तयार होते. गेममधला राक्षस शिकत नाही. शंभर वेळा तोच डाव टाकला तरी तो शंभर वेळा तसाच पडेल. म्हणून समोरच्याच्या बुद्धीची उणीव घड्याळाने भरून काढावी लागते. मला या प्रकारातलं हे सगळ्यांत प्रामाणिक आणि सगळ्यांत केविलवाणं तंत्र वाटतं.

आता पैशाचा भाग. ‘गेन्शिन’मधलं पात्र आणि त्याच्याबरोबर येणारं कौशल्य सोडतीने मिळतं. पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता चिठ्ठीमागे ०.६ टक्के. नव्वदाव्या चिठ्ठीपर्यंत एक निघतंच, पण जे हवं तेच निघेल असं नाही. त्याच पात्राची चिठ्ठी पुन्हा निघाली तर त्याचं सामर्थ्य आणखी वाढतं. चिठ्ठ्या खेळूनही मिळवता येतात, सावकाश; पैसे देऊन लगेच. इथे खेळाडू एकमेकांशी लढत नाहीत, तेव्हा पैसेवाला गरिबाला हरवतो असं म्हणता येणार नाही. पण वेळेच्या मर्यादेतली बारा मजली परीक्षा आहे, आणि घड्याळ लावलं की नुकसानीचा आकडा म्हणजेच सुटका. पहिली वही अशी उघडपणे विक्रीला असते. दुसरी विकता येत नाही, म्हणून ती जाहिरातीतही नसते.

दुसरी वही तरी समान असते का? तसंही नाही, आणि याविषयी फार कमी बोललं जातं. समजा, वार चुकवण्याला सेकंदाचा सहावा हिस्सा मिळतो. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या यंत्रावर त्या अवधीत दहा चित्रं दिसतात. तापलेल्या, दोन-चार वर्षं जुन्या स्वस्त फोनवर गर्दीच्या प्रसंगी चित्रं विसावर आली तर त्याच अवधीत तीनच. वेळ तितकाच, पण पाहायला मिळतं तिसऱ्या हिश्श्याहून कमी. शिवाय काचेवर बटणाला कड नसते; बोट ठेवलं की शत्रूचा खांदा बोटाखाली झाकतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांशी बोलण्यासाठी आजीजवळ ठेवलेला फोन जर हाच असेल, तर खेळायला मिळते ती रात्रीची उरलीसुरली बॅटरी. अशा हाताने मार्गिटची हूल ओळखायची म्हणजे अंधारात खडाखडी करण्यासारखं आहे.

आपल्या न्यायालयांनाही कौशल्याच्या मोजमापाचा प्रश्न पडलेला आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. त्या एका शब्दाच्या आधारावर पुढे मोबाइलवरच्या रमीचा मोठा धंदा उभा राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली ती कौशल्य की नशीब, हा वादच बाजूला ठेवून.

पुण्यात या साऱ्याचं एक वेगळं उत्तर घडलेलं आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या तिथल्या छोट्या चमूचा ‘राजी’ २०२० साली आला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीने पैसे उभारायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी खेळ पुरा झाला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी नावाची मुलगी, हातात दुर्गेचा त्रिशूळ, पुढे विष्णूचं धनुष्य. ती भिंतीवर धावून उलटी झेप घेते, खांबाला धरून गरगरत वार करते. ते पाहताना मराठी माणसाला मल्लखांब आठवल्याशिवाय राहत नाही. अग्नी, विद्युत, हिम यांची बळं शस्त्राला जोडण्याची सोय आहे, पण एकदा दिलेले गुण केव्हाही काढून दुसरीकडे लावता येतात. आकड्यांची वही पेन्सिलीने लिहिलेली आहे, म्हणा ना. काटेकोर अर्थाने तो रोल-प्लेइंग नाही, साहसखेळ आहे. लढाईत वजन थोडं कमी पडतं. त्रिशूळ हवेतून जातो तसाच राक्षसातून जातो, असं अधूनमधून वाटतं. पण त्यात सोडत नाही. एकदा विकत घेतला की राजीचं सगळं कसब सगळ्यांना सारखं.

पहिली वही स्वखुशीने बंद करणारेही खेळाडू जगभर आहेत. ‘डार्क सोल्स’मध्ये सुरुवातीला अग्निमांत्रिक निवडला तर पात्राची पायरी एक असते. मिळालेले सगळे आत्मे शस्त्राला धार लावण्यात घालवायचे, पात्राला एकही पायरी चढू द्यायची नाही आणि तसाच खेळ शेवटापर्यंत न्यायचा, असा त्यांचा पण असतो. एका फटक्यात प्राण जातो, म्हणून एकही फटका खायचा नाही. दोनशे-तीनशे वेळा मरून अखेर ते शेवटच्या राजासमोर उभे राहतात, तेव्हाही त्यांच्या पात्राच्या पानावर सुरुवातीचाच आकडा असतो: १.